पाच मंगळवार आणि परक्या डोंगराचा बर्फ

घराला कुलूप मी लावलं नाही, दिगूनं लावलं. दिगू माझा एकुलता मुलगा. मी कट्ट्याखाली पिशवी धरून उभी होते. तो एका हातानं कुलूप दाबत होता, दुसऱ्या हातात फोन होता आणि फोनवर एक पांढरा डोंगर होता. माझ्या थोरल्या जाऊबाई, गंगाक्का, शेजारच्या दारात उभ्या होत्या. त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत, त्याला म्हणाल्या, "लक्ष्मीच्या यात्रेला दार उघडायला येतूस नव्हं?"

"येणार की काकू. तेवढ्यासाठी तरी येणारच."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. पुढचं सगळं त्यावरून आहे.

बेळगावकडच्या लोकांना सांगायला नको, पण इकडे बेंगळुरात जन्मलेल्यांना सांगते. आमच्या गावच्या लक्ष्मीची यात्रा दरवर्षी होत नाही. बऱ्याच वर्षांनी होते. मागची झाली तेव्हा दिगू शाळेत होता आणि त्याचे वडील होते. यात्रेला लेकी माहेरी येतात, मुंबईला गेलेले येतात, भांडून वेगळे झालेले भाऊसुद्धा येतात. गाव पाहुण्यांनी भरतं. माझ्या सासूबाईंनी मला एकच गोष्ट बजावून सांगितली होती, यात्रेत आपलं दार बंद दिसता कामा नये. बाकी त्यांचं मी फारसं ऐकलं नाही. हे ऐकलं.

आता मी इलेक्ट्रॉनिक सिटीत नवव्या मजल्यावर राहते. लिफ्टमध्ये लोक एकमेकांकडे बघत नाहीत. भाजीवाल्याशी मी कन्नड बोलते, तेवढंच दिवसातलं मोकळं बोलणं असतं. सून वैशाली पुण्याची आहे, मल्लेश्वरमला नोकरीला जाते, चांगली आहे. दिगू घरातूनच काम करतो. काय काम करतो हे मला कितीतरी दिवस कळलं नव्हतं. कळल्यावर वाटलं, नसतं कळलं तर बरं झालं असतं.

युरोपात आल्प्स म्हणून डोंगर आहेत. तिथले लोक पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत खाली येतात, आणि पाळण्यात बसून पुन्हा वर जातात. त्याला स्कीइंग म्हणतात. त्यातल्या एका डोंगरावर आज किती बर्फ आहे, रात्री नवा किती पडला, वारा किती, कुठले पाळणे चालू, कुठला उतार बंद, उद्या काय होणार, हे रोज लोकांच्या फोनवर जावं लागतं. ते माझा मुलगा पाठवतो. तिकडे उजाडतं तेव्हा इकडे माझी भाजी निवडून झालेली असते. तिकडचे लोक त्याला आकडे देतात, हा कॅमेऱ्यातून डोंगर बघतो आणि जेवणाच्या टेबलावर बसून लिहितो, वरच्या उतारांवर बर्फ उत्तम, खाली दुपारनंतर ओला. तो कधी तिथे गेलेला नाही. बर्फ त्यानं फ्रिजमधलाच बघितला आहे. आमच्या गावात पाऊस कधी येणार हे मात्र त्याला विचारलं की म्हणतो, ते माझं काम नाही.

पहिल्या वर्षी मला मजा वाटायची. भांडी घासून मी त्याच्या मागे उभी राहायची. कोवळ्या उन्हात तांबूस झालेला डोंगर, त्यावर मुंग्यांसारखी माणसं. दुसऱ्या वर्षापासून त्या डोंगराचा राग यायला लागला. थंडीत बर्फ असतो म्हणून थंडीत सुट्टी नाही. संक्रांत नाही, पुतणीचं लग्न नाही, नणंदेचा दहावा नाही. बर्फ पडला की काम जास्त. नाही पडला तर त्याहून जास्त, कारण लोक सारखे विचारतात. म्हणजे पडो न पडो, आम्ही नवव्या मजल्यावरच.

यंदा तिकडे बर्फ उशिरा पडला. आणि यंदाच गंगाक्कांचा फोन आला, यात्रा ठरली, एप्रिलमध्ये, पुढच्या मंगळवारपासून वार पाळायचे.

दिगूला सांगितलं. तो म्हणाला, तेव्हा तिकडे ईस्टरची सुट्टी असते, शेवटची गर्दी असते, खालचा बर्फ वितळत असतो, तासातासाला कळवावं लागतं. मी विचारलं, तू कळवलं नाहीस तर बर्फ वितळायचा थांबेल का? तो हसला. मी हसण्यासाठी विचारलं नव्हतं.

वार पाळणं म्हणजे काय तेही सांगते. यात्रेच्या आधी पाच मंगळवार गाव काम करत नाही. चूल पेटत नाही, जातं फिरत नाही, औत जुंपत नाही. सकाळीच दारांना कुलपं लावून सगळे गावाबाहेर झाडाखाली जाऊन बसतात, बरोबर नेलेलं खातात, दिवस मावळल्यावर परत येतात. गरीब असो, श्रीमंत असो, त्या दिवशी गावात माणूस नसतो. कुणाचं काही अडत नाही.

पहिले दोन मंगळवार मी एकटीनं पाळले. आदल्या रात्रीची भाकरी आणि ठेचा घेऊन सोसायटीच्या बागेत बसले. वॉचमन विचारत होता, "याके अज्जी, मनेल्ली जगळा?" म्हणजे घरात भांडण झालं का. मी म्हटलं, अजून नाही.

तिसऱ्या मंगळवारी झालं. वैशाली कामावर गेली होती. दिगू खाली दूध आणायला गेला. मी बाहेर आले, कुलूप लावलं, किल्ली कनवटीला खोचली आणि बागेत जाऊन बसले. दुसरी किल्ली वैशालीच्या पर्समध्ये, मल्लेश्वरमला. ती येईपर्यंत संध्याकाळ. लॅपटॉप आत टेबलावर, त्यावर डोंगर.

तो धावत आला. आधी किल्ली हरवली असं त्याला वाटलं. मग कळलं.

"आई, किल्ली दे. स्वल्प समजून घे. पंधरा मिनिटांत रिपोर्ट जायला हवा."

"आज वार आहे. दार उघडायचं नसतं."

"ते गावात, आई. हे गाव नाही."

"मला म्हाईत हाय हे गाव न्हवं. रोज बघतीया की मी."

तो माझ्या शेजारी बाकावर बसला. फोनवर कुणाकुणाशी इंग्रजीत बोलला, मग हिंदीत बोलला. फोनवरून ते काम होत नाही म्हणे. शेवटी फोन खिशात ठेवला. मी अर्धी भाकरी त्याच्यापुढे धरली. खाल्ली नाही. पण उठूनही गेला नाही, कारण जाणार कुठे? लहान होता तेव्हा वाराच्या दिवशी आंब्याखाली असाच माझ्याजवळ असायचा, फक्त तेव्हा बडबड करायचा.

त्या दिवशी लोकांच्या फोनवर कालचाच बर्फ दाखवला गेला. तिकडच्या दोन-तीन जणांनी तक्रार केली की लिहिलंय उत्तम आणि पायाखाली चिखल आहे. एवढंच. कुणी पडलं नाही, कुणी मेलं नाही. दिगूला वरच्यांची बोलणी खावी लागली. रात्री तो म्हणाला, "तुझ्या एका मंगळवारसाठी माझी नोकरी गेली असती." मी म्हटलं, तुझ्या नोकरीसाठी माझे सगळे वार गेले. मला त्याचं वाईट वाटलं का, असं वैशालीनं मागाहून विचारलं. नाही वाटलं. अजून नाही वाटत.

उरलेले दोन वार मी पुन्हा एकटीच बागेत बसले. मग यात्रेसाठी त्यानं माझं एकटीचं तिकीट काढलं. यशवंतपूर स्टेशनवर गाडीत बसवायला वैशाली आली, त्याचा बर्फ होता. गावात मी दार उघडलं. आत पालींनी राज्य केलं होतं. गंगाक्का पदर खोचून आल्या, दोघींनी सारवलं, पाणी भरलं. दार उघडं राहिलं, पाहुणे जेवून गेले. जो तो विचारायचा, दिगू कुठाय? मी सांगायची, युरोपातल्या एका डोंगराची राखण करूलाय, बर्फ कोण चोरून नेऊ नये म्हणून. बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. मलाच त्यांचा राग यायचा. माझ्या पोराला मी बोलेन, त्यांनी का हसावं?

देवी रथात बसली त्या दिवशी त्याचा फोन आला, व्हिडिओचा. एवढी गर्दी, भंडाऱ्यानं माणसं पिवळी झालेली. तो म्हणाला, "आई, फोन वर धर ना. देवी दाखव."

मी म्हटलं, "डोंगर बघतूस तसं देवीलाबी बघणार?"

मी फोन बंद करून कमरेला खोचला. रथ पुढे गेला.

शेवटच्या दिवशी देवीला शिवेवर नेलं, रीतीप्रमाणे तिथला मांडव जाळला, गाव रिकामं झालं. मीही कुलूप लावलं, या वेळी माझ्या हातानं, आणि परत आले. का आले? गुडघे दुखतात, रक्तदाबाच्या गोळ्या लागतात, विहिरीचं पाणी आता ओढवत नाही. मायेनं आले असं लिहिणार नाही. पण आता गावची आणि इथली, दोन्ही किल्ल्या माझ्या कमरेला असतात. गावाकडे माझं दार आहे, पण ते उघडून बसायला माणूस नाही. इथे माणूस आहे, तो समोरच बसलेला असतो, पण त्याचं लक्ष बर्फावर. घर म्हणजे आपल्यासाठी कुणीतरी हातातलं काम ठेवणं, एवढंच मला कळतं. त्या हिशोबानं मला घर एकच दिवस मिळालं. सोसायटीच्या बागेत, त्या बाकावर, तेही कुलूप लावून.

परवा सकाळी टेबलावर लॅपटॉप मिटलेला होता. तिकडचे पाळणे बंद झाले, डोंगरावर गवत आलं. दिगू माझ्यासमोर येऊन बसला. म्हणाला, "आई, आठ दिवस मोकळा आहे. चल, गावी जाऊन येऊ."

मी विचारलं, "आता तुझ्या डोंगरावर घसरायला कोण जातंय?"

"आता कोण जाणार? बर्फच नाही."

"मग? गावातली यात्राबी सरली की," मी म्हटलं.