भाऊबीजेनंतरची तपासणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय—कुणास ठाऊक.

सुनंदा माझी धाकटी बहीण. लग्नाआधीपासून तिला अल्सरेटिव्ह कोलायटिस—मोठ्या आतड्याला सूज येते, जखमा होतात. गोळ्यांवर बरी असायची. पांढुर्ण्याचं स्थळ आलं तेव्हा आम्ही यातलं अवाक्षर काढलं नाही. पण नागपूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं: हा आजार जुना झाला की आतड्यात कॅन्सर होऊ शकतो, त्रास नसला तरी दरवर्षी दुर्बिणीनं तपासायचं.

आम्ही युक्ती काढली. दिवाळीला ती सौंसरला माहेरी यायची. भाऊबीज झाली की साडी घ्यायच्या निमित्तानं मी तिला नागपूरला न्यायचो. दोन वर्षं नेलं. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध, तिचे हाल, आणि दवाखान्यात पांढुर्ण्याचं कुणी भेटलं तर—ही धाकधूक.

तिसऱ्या वर्षी... कसं सांगू? संत्र्याची तोडणी चालू होती, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण बागेत बाबा होते. मला कंटाळा आला होता, बस. तिला म्हणालो, "मी डॉक्टरले फोन केला होता. तरास नसन तं याची गरज नाही म्हने."

फोन मी केलाच नव्हता.

किती खूश झाली ती! त्या दिवाळीत पोटभर अनारसे खाल्ले. पुढे सहा वर्षं तो विषय निघाला नाही. एक फोन तेव्हाही करता आला असता—का नाही केला?

यंदा रक्त जायला लागलं. कॅन्सर यकृतापर्यंत गेलाय. आता माझ्या हातात काहीच नाही. लपवलेला आजार तिच्या नवऱ्याला कळला. त्यानं एका शब्दानं बोल लावला नाही. नव्या डॉक्टरांनी विचारलं, मधल्या वर्षांत तपासणी का नाही केली? सुनंदाच बोलली, "माह्या दादानं इचारलं होतं ना. डॉक्टरच नको म्हनले."

मी मान डोलावली.

परवा भाऊबीज झाली. तिला उठवत नव्हतं, म्हणून मीच खाटेजवळ स्टुलावर बसलो. ओवाळायचं ताट तिला पेलेना, तिच्या मुलीनं खालून हात दिला.

"तुनं लय केलं माह्यासाठी, दादा," ती म्हणाली.

मी टिळ्यासाठी कपाळ पुढे केलं.