अर्धं सोडून जायची भिंत

जऊळक्याच्या फलाटावर गाडीची वाट पाहत होतो, तेव्हा फोन आला. इंदूबाई सकाळी गेल्या. गाडी आली, गेली. मी तिथंच बसून राहिलो… त्याला आता सहा आठवडे झाले. शोकसभेत त्यांना ‘ज्ञानगंगा’ म्हटलं गेलं. बाईंना हसू आवरलं नसतं. शेलूबाजारजवळच्या एका लहान शाळेत त्या चौथीला शिकवत आणि मी तिथं मुख्याध्यापक होतो, एवढी ओळख पुरे.

आपल्याकडे प्रत्येक मुलखाला कुणाचं तरी नंदनवन व्हायची हौस. काश्मीर देशाचं, चिखलदरा विदर्भाचं. आमच्या गावाच्या वाट्याला काही आलं नाही. बाईंनी ती उणीव मुलांकडून भरून घेतली. वर्गाच्या मागच्या भिंतीवर गेरूनं काढलेलं एक गाव होतं, पल्याडगाव. तिथं बैल जीप चालवत, विहीर पाणी घेऊन घरोघर जाई आणि ऊस स्वतःच तुटून स्वतःची मोळी बांधी, त्यामुळे आईबाप उन्हं वर येईपर्यंत झोपत. दिवाळीनंतर निम्मी मुलं घरच्यांबरोबर ऊसतोडीला जात. जाणाऱ्या प्रत्येकानं भिंतीवर एक चित्र अर्धं काढून जायचं, हा बाईंचा दंडक. उरलेलं अर्धं काढायला पोर शाळेत परत येईल, एवढीच त्यांची खटपट. बहुतेक पोरं येत.

एका वर्षी मुलं ऊसतोडीला गेलेली असताना मोठे पाहुणे येणार होते. बाई प्रशिक्षणाला गेलेल्या. मी ती भिंत चुन्यानं पांढरी केली आणि रंगाऱ्याकडून तिच्यावर ‘जिल्ह्याचे नंदनवन’ असं लिहवून घेतलं. पाहुण्यांनी भिंतीकडे पाठ करून फोटो काढला आणि जेवायला गेले. बाई परतल्या, भिंतीवरची अक्षरं वाचली आणि म्हणाल्या, “तुमच्या नंदनवनात रायते कोन, सर?”

चैत्रात मुलं परतली. बाईंनी मला गेरूची वाटी घेऊन उभं केलं आणि चूक कुणाची ते मुलांना सरळ सांगितलं. पुरं करायला काही उरलंच नाही म्हणून मुलं दाराकडे वळली होती. बाई दारात जाऊन उभ्या राहिल्या. चित्र गेलं, जागा कुठं गेली, असं म्हणाल्या. तेव्हा रुख्मा नावाच्या मुलीनं खिडकीपासून चार विती मोजल्या आणि माझ्या सुबक अक्षरांवर जीपची मागची दोन चाकं काढली. पुढची अर्धी जीप कुठंय, मी विचारलं.

“पयलं अर्धं आत हाये, चुन्याखाली.”

मग प्रत्येकानं उरलेलं अर्धंच काढलं. माझं नंदनवन चाकांनी, शेपट्यांनी, मोळ्यांच्या टोकांनी भरून गेलं. त्या भिंतीला मी पुन्हा ब्रश लावू दिला नाही.

निवृत्तीनंतर मी तिकडे क्वचितच जात असे. यंदा दिवाळी झाल्यावर मात्र गेरू कालवून गेलो. ऊसतोडीला नेणाऱ्या जीपगाड्या दुसऱ्या दिवशी निघणार होत्या. चौथीतली एक मुलगी हात मागं बांधून उभी राहिली. बाईच नाहीत, तर पुरं झालेलं बघणार कोण, असं तिचं म्हणणं. मी बघेन, म्हटलं. तिनं माझ्या हातातल्या काठीकडे पाहिलं.

“मंग तुमीबी अर्धं काढा. नाई त तुमचा काय भरोसा?”

मी बाईंचं टेबल काढलं, दोन पायांवर उभं. मला चित्रकला येत नाही आणि माझ्या वयाला हा नियम जरा जाचकच आहे. पण चैत्रात मी तिथं असेन.