दबक्या आवाजातली जयंती

त्या वर्षी चौदा एप्रिल नेमका गुड फ्रायडेला आला. जर्मनीत ही शांततेची सुट्टी, मोठ्याने गाणी लावायची नाहीत. आणि लुडविग्सहाफेनच्या आमच्या फ्लॅटमध्ये जयंती! खिडक्या लावून आम्ही सगळे चोरासारखे भीमगीतं ऐकत बसलो.

तेवढ्यात बेल वाजली. माफी मागायच्या तयारीनेच मी दार उघडलं. खालच्या मजल्यावरच्या डॅनिश आजी होत्या.

"वाढदिवस आहे," मी चाचरत म्हटलं.

"आमच्या डेन्मार्कमध्येही आज सुट्टीच असते. पण वाढदिवस ना? मग आवाज वाढवा की!"

मी स्पीकरपाशी गेलो. गावात देवळासमोरून मिरवणूक जाताना माझे वडील कुणी न सांगताच आवाज कमी करायचे. इथे वाढवायला सांगितलं होतं, तरी माझं बोट हलेना.