सगळ्यांचा एकच पासवर्ड

किर्तीनं टी-शर्ट उलटा केला, आतला पांढरा पेपर टरकन फाडला आणि डोळ्याच्या मागची वीण नखानं खरवडायला लागली. समोर एम्ब्रॉयडरी कारखान्याचा मालक हरिचंद्र शेठ उभा. त्याच्या मागं पालखी मंडळाच्या बाया. टेबलाला टेकून शेठचा पुतण्या अल्पेश. मशीनवरच्या पोरांनी मशीन बंद केलं होतं आणि सगळी तिच्याकडं बघत होती.

बोलणार कोण आणि काय? टी-शर्टाच्या पाठीवर एकवीरा आई होती, आणि आईचा डावा डोळा आत ओढला जाऊन मिटल्यासारखा दिसत होता. खाली कापड चुरगळून पिशवी आली होती. एका टी-शर्टावर असतं तर लपवला असता. पूर्ण गठ्ठा तसाच होता. आणि हेच टी-शर्ट घालून शेठच्या गावची पालखी कार्ल्याला चालत निघणार होती.

"काय गो पोरी," शेठ बोलला, "आईचा डोला असा कंदी पायलास का?"

"ही माझी फाइल नाही."

"तुजी नाय त मंग कोनाची? आमचेकरं पंचिंग दुसरा कोन करतं?"

पंचिंग म्हणजे कॉम्प्युटरवर चित्र घेऊन मशीनला शिकवायचं, सुई कुठं टोचायची, कुठून कुठं जायचं, धागा कधी तोडायचा. ते काम किर्तीचं. दुसरं कोणी करत नव्हतं हे खरंच होतं, म्हणून तर तिचं डोकं फिरलं होतं.

किर्ती बदलापूर गावात राहते, आई बकुळाबरोबर. वडील कोकणातून आलेले, अंबरनाथला कामगार होते. ती बारावीत असताना ते गेले आणि हिनं परीक्षा दिलीच नाही. उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये एका सिंधी साईंच्या एम्ब्रॉयडरीच्या दुकानात धागे कापायला लागली. धागे कापता कापता कॉम्प्युटरवाल्याच्या मागं जाऊन उभी राहायची. तो वैतागायचा, "क्या देख रही है?" ही बोलायची, "आपकी गलती." तो हाकलायचा, ही परत यायची. असं शिकली. आता घरीच कॉम्प्युटर टाकलाय, तीन-चार कारखान्यांचं काम करते. ना बोर्ड, ना कार्ड. एक कारखानेवाला दुसऱ्याला सांगतो, "किर्तीकडून घे, धागा तुटत नाय." हे एवढं वाक्य म्हणजे तिचं दुकान. ते वाक्य गेलं की दुकान गेलं.

"इकडं या," ती बायांना बोलली. "हे मागून बघा. वरची वीण घालायच्या आधी मशीन खाली एक विरळ वीण टाकतं. अंडरले म्हणतात. ती कापड धरून ठेवते. इथं आहे का? नाहीय. नुसता वरचा धागा. कॉम्प्युटरवर ती एका टिकनं चालू-बंद होते. मी टिक ठेवून फाइल दिली होती. कोणीतरी काढलीय. टाके कमी झाले, मशीन लवकर मोकळं झालं, आणि कापड आत ओढलं गेलं."

"कोनी काडली?" जनी मावशीनं विचारलं. मंडळातली सगळ्यात मोठी बाई ती. तिनं अजून त्या टी-शर्टाला हात लावला नव्हता.

"तेच तर," किर्ती बोलली. "अल्पेश, ड्राइव्ह उघड. हिस्ट्री दाखव."

ही ड्राइव्हची भानगड काय ते सांगायला पाहिजे. आधी पेनड्राइव्ह होता. अल्पेश बाइकवर बदलापूरला यायचा आणि घेऊन अंबरनाथला जायचा. पेनड्राइव्हमध्ये व्हायरस, आणि फायलींची नावं अशी की देवाला कळणार नाहीत. 'फायनल', 'फायनल नवीन', 'हाच फायनल', 'हा घेऊ नका'. एकदा 'हा घेऊ नका'च मशीनवर चालून गेला. तेव्हा शेठ बोलला, आता ते क्लाउड का काय ते करा.

किर्तीनं मनावर घेतलं. घरी बसून दोन-तीन प्रकार वापरून बघितले. एकात जागा भरपूर फुकट होती पण फाइल बदलली की जुनी गेली, परत मिळायची नाही. एकात फोल्डर आपोआप कॉम्प्युटरवर उतरायचं, नेट गेलं तरी काम चालू. एमआयडीसीत नेट कधी असतं आणि कधी नसतं, म्हणून ते तिला पटलं. त्यातच जुन्या कॉपी पण राहायच्या, आणि कोणी फक्त बघायचं, कोणी बदलायचं, हे माणसागणिक ठरवता यायचं. ती कारखान्यात येऊन बोलली, "शेठ, माझं ऐका. हे घ्या. प्रत्येकाची आयडी वेगळी. मशीनवाल्यांनी बघायचं आणि उतरवायचं. बदल मी करणार, नाहीतर अल्पेश. कोणी काय बदललं ते नावासकट दिसेल."

अल्पेशनं तोंड वाकडं केलं. "ताई, इतक्या आयडी कोण सांभाळणार? पोरं पासवर्ड विसरतात. एकच आयडी बनवू, पासवर्ड भिंतीवर लिहू. खतम."

"भिंतीवर?"

"मग काय कपाळावर?"

पोरं हसली. शेठ पण हसला. "पोरी, आमचे घरान धा मानसा जेवतान. कोनाचे ताटाव नाव लिवतंव का आमी? एक घर, एक आयडी."

"ताटं तरी वेगळी असतात ना शेठ?"

शेठला ते ऐकू गेलं नाही, किंवा गेलं आणि त्यानं सोडलं. खातं उघडायला घेतलं तर अल्पेशच्या नंबरवर आधीच इतकी खाती की नवीन होईना. शेठ नंबर देईना, 'बँकेचा हाय' बोलला. शेवटी किर्तीचा नंबर टाकला. त्या दिवसापासून कुठल्याही पोरानं नवीन मोबाइलवर खातं उघडलं की हिला फोन. "ताई, ओटीपी आला असेल." भाकरी थापताना ओटीपी. आईला डॉक्टरकडं नेलं तर तिथं ओटीपी. रिक्षात ओटीपी. शिव्या घालायची आणि सांगायची.

तर अल्पेशनं हिस्ट्री उघडली.

"कोणाचं नाव आहे?" किर्तीनं विचारलं.

"हरिचंद्र एम्ब्रॉयडरी."

"त्याच्या आधी?"

"हरिचंद्र एम्ब्रॉयडरी."

"आणि मी टाकली ती?"

अल्पेशनं मान खाजवली. "ती पण तेच."

"म्हंजे तूच केलास का रं हरिचंद्र?" जनी मावशी बोलली. एक पोरगं फिसकन हसलं. शेठनं त्याच्याकडं असं बघितलं की ते धाग्यांच्या रॅकमागं गेलं.

चोरी झालीय, दार दिसतंय, चोराची वेळ दिसतेय, आणि चोराचं नाव काय, तर घराचं नाव! किर्तीनं माउस अल्पेशच्या हातातून ओढून घेतला, जुनी कॉपी परत आणली आणि एक रद्दी कापड ऑपरेटरच्या अंगावर फेकलं. "बाळाजी, लाव."

बाळाजी लातूरकडचा. मशीनवरचा सगळ्यात जुना माणूस. त्यानं कापड फ्रेममध्ये ताणलं, फाइल घेतली, मशीन चालू केलं. सगळी डोळ्यासमोर आई उमटताना बघत होती. डोळा आला. मोठा, उघडा, सरळ बघणारा. जनी मावशीनं पहिल्यांदा हात पुढं केला, बोटं कापडाला टेकवली आणि कपाळाला लावली.

"ही आई," ती बोलली. "ती नव्हं."

किर्तीला वाटलं, झालं. सुटले.

"बगा, जमला ना!" शेठनं टाळी वाजवली. "पोरीचे हातशी एकदा चूक झाली, पोरीनंच सुदारली. रातीचा दिवस करतंव, सगली टी-शर्टा नवीन देतंव. चला, च्या घ्या."

"माझ्या हातून झाली नाही!"

"बरा, बरा."

"बरा नाही शेठ. मावशींना सांगा, किर्तीनं केलं नाही. एवढं एक वाक्य."

"अगो, मना काय म्हाईत कोनी केला त?"

"मग तेच सांगा! माहीत नाही, एवढं तरी सांगा!"

"पालखी तोंडाव आली, आनि तुना वाक्याचा परलाय." शेठ बायांना घेऊन बाहेर गेला. चहा आला. किर्तीचा कप तसाच साय धरून टेबलावर राहिला.

शब्द पायानं चालत नाही, बाइकवर फिरतो. संध्याकाळपर्यंत उल्हासनगरच्या एका कारखान्यातून फोन, "किर्ती मॅडम, अपना काम अभी थोडा रोक के रखो." दुसऱ्यानं तर फोनच घेतला नाही. आणि बकुळा गिरणीत दळण ठेवायला गेली तर तिथं एक बाई बोलली, "तुमच्या पोरीनं एकवीरेचा डोळा घालवला म्हणे. काही विटाळ-बिटाळ होता का?" बकुळा घरी आली ती रडतच. दळण तिकडंच.

इथं किर्तीचं टाळकं सरकलं. तिनं कॉम्प्युटर लावला, खात्यात शिरली आणि पासवर्ड बदलला. ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येणार? हिच्याच. मग 'सगळीकडून बाहेर काढा' ते बटण दाबलं. अख्खा कारखाना बाहेर, कॉम्प्युटरवर उतरलेलं फोल्डर पण बंद. मनात आणलं असतं तर वर्षभराचं काम एका बोटात उडवलं असतं. एक फाइल हलवली नाही तिनं.

सकाळी अल्पेशचा फोन. "ताई, पासवर्ड चालत नाहीय."

"चालतोय. मला चालतोय."

"ताई, भंकस नका करू ना! नवीन गठ्ठा लावायचाय, मशीन फाइल फोल्डरमधूनच घेतं, ती वर अडकलीय!"

"शेठला दे."

शेठ फोनवर आला तो ओरडतच. "पोरी, ही चोरी हाय!"

"कोणी केली ते हिस्ट्रीत बघा. एकच नाव दिसेल."

"पोलिसान जातंव मी!"

"जा. पासवर्ड भिंतीवर लिहिला होता ते पण लिहून द्या. आणि नाही जायचं तर मावशींकडं जा. एक वाक्य बोला. लगेच देते."

शेठनं फोन आपटला. मावशीकडं गेला नाही. एका पोरीपायी गावाच्या बायांसमोर मान खाली घालायची? मशीन बंद ठेवलं, पण तेवढं जमलं नाही त्याला.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाळाजी बदलापूरला आला. उन्हानं काळाठिक्कर पडलेला. उंबऱ्यावरच बसला, आत ये म्हटलं तरी येईना. बकुळानं त्याला पन्हं दिलं.

"ताई, पोरं बसून हायती," तो बोलला. "मशीन चाललं तरच रोजाचं पैसं. शेठला काय, त्याला चाळीचं भाडं येतंय. तुमी त्याचा गळा धरलाय, पर आवळतोय आमचा."

किर्तीला त्याचा राग आला, कारण तो खरं बोलत होता. शेठ जिथं उभा होता तिथं तिचा हात पोचतच नव्हता. मध्ये ही पोरं उभी होती.

"बाळाजी, खरं सांग. कोणी काढली टिक?"

बाळाजीनं ग्लासात बघितलं. "मशीनवर लई हात फिरत्यात ताई."

तिनं स्वतःच्या सगळ्या मूळ फायली आपल्या खात्यावर उतरवून घेतल्या, कारखान्याला त्यांच्या कॉपी ठेवल्या आणि नवा पासवर्ड बाळाजीच्या मोबाइलमध्ये टाकून दिला. खात्यावरचा आपला नंबर काढायला लावला. "शेठला सांग, आजपासून ओटीपी त्याचा आणि पंचिंग पण त्याचंच."

पालखी वेळेवर निघाली. पाठीवर किर्तीचाच डोळा होता, उघडा, सरळ. गावभर लोकांनी फोटो टाकले. 'काय सुंदर काम' असं खाली लिहिलं. कोणाचं काम ते कोणी लिहिलं नाही. ज्यानं काम थांबवलं होतं तो उल्हासनगरवाला दोन महिन्यांनी परत आला, कारण दुसऱ्याच्या फायलीवर त्याचा धागा तुटत होता. फोन न घेणारा गेला तो गेलाच. गिरणीतल्या बाईशी बकुळा अजून बोलत नाही.

आता नवीन कारखाना आला की किर्तीचं आधी खात्याचं बोलणं, मग डिझाइन. खातं तिचं. ज्याला फाइल पाहिजे त्यानं स्वतःची आयडी द्यायची, स्वतःच्या नावाची. बघायचं, उतरवायचं, हात लावायचा नाही. एक जण बोलला, "मॅडम, हमपे भरोसा नहीं क्या?"

"है ना," ती बोलली. "भरोसा है तो नाम लिखने में क्या जाता है?"

हरिचंद्र शेठकडं ती परत गेली नाही. दोनदा निरोप आला. दोन्ही वेळा तिनं विचारलं, वाक्य बोलले का? मग फोन ठेवला.

बाळाजीनं पण तिथलं काम सोडलं. कॅम्प एकमध्ये दुसऱ्या कारखान्यात लागला आणि नवरात्रात तिथल्या टपरीवर त्यानं किर्तीला स्वतःच्या तोंडानं सांगितलं. त्या दिवशी डोळ्यावर येऊन मशीनला फार वेळ लागत होता, पालखीला दिवस कमी होते, आणि शेठ मशीनला खेटून उभा होता. बाळाजीनं विचारलं होतं, "ताईला फोन लावू का?" शेठ बोलला, "नको. ती 'नाय' बोलंल. काड ती टिक."