वीतभर तलफ

माणसाचं मन हातानं मोजता येतं, असं ठामपणे मानणारा एकच माणूस माझ्या आयुष्यात आला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. इतवारी बाजारामागच्या बोळात त्यांचा माग होता. उभा जन्म त्यावर बसून जगातली प्रत्येक गोष्ट कापडाच्या मापानं पाहायची त्यांना सवय जडली होती. व्यापाऱ्याचं मन दोन बोटं, मामींचा राग पुरा नऊवारी, आणि माझं बोलणं? "जवाईबुवाचं बोलनं तागाभर, पन काठ कुठी सापडत नाही," असं ते चारचौघांत सांगत. जावयाचा मान ठेवून जावयाला सोलून काढण्याची ही कला मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

मी म्हणजे आमच्या कोष्टी घराण्यातला मागावरून उठून खुर्चीवर बसलेला पहिला माणूस. कॉलेजात मानसशास्त्राचं एक जाड पुस्तक वाचलं होतं, सरकारी कचेरीत कारकुनी करीत होतो आणि तासातासाला तंबाखूचा बार भरीत होतो. व्यसनाचं मूळ कशात असतं यावर मी अर्धा तास सहज बोलत असे. मध्ये दोनदा थुंकायला उठावं लागे, एवढंच. मग एक दिवस गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला. डॉक्टर म्हणाले, "आज तंबाखू सोडाल तर हा जाईल. नाही सोडलीत, तर पुढचं माझ्या हातात नाही." बायको रडली नाही की भांडली नाही. त्या दिवसापासून ती बोलताना माझ्या डोळ्यांकडे न पाहता गालाकडे पाहू लागली.

मी पुस्तक काढलं. पहिला सिद्धांत इच्छाशक्तीचा. ती न्याहारीपर्यंत टिकली. दुसरा साहचर्याचा, म्हणजे सवय जागेला चिकटलेली असते, जागा बदलली की सुटते. मी टेबल खिडकीपासून उचलून भिंतीशी नेलं. चार दिवसांत भिंतही तंबाखू मागू लागली. तिसरा किळसेचा. चंचीत कडुनिंबाचा पाला कुटून मिसळला, म्हणजे तोंड कडू होऊन मन विटावं. मन विटलं नाहीच, उलट महिनाभरानं निंबाशिवाय तंबाखू फिकी लागू लागली. एक व्यसन सोडवायला गेलो होतो, दोन घेऊन परत आलो. शेवटी बायको म्हणाली, "अजी, ते पुस्तक ठेवा आता. मामाकडं चला."

मामा तरुणपणी अफू खात. ठेक्याच्या दुकानातून रोजची गोळी यायची, ती बंद कशी झाली हे त्यांनी मला मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसल्या बसल्या सांगितलं. "तलफ आली का मी मागावर बसो. डोकं भनकलेलं, मंग फणी जोरानं बसे. कपडा दाट ये. थोड्या येळानं हात आपोआप ढिला पडे. मोजलं, तं वीतभर. दुसऱ्या दिवशी मोजलं, वीतभर. लय झालं तं चार बोटं वर. तलफ वीतभरच राह्यते, जवाईबुवा. मानूस तिले जन्माची समजते अन भेते." मग त्यांनी पेटीतून एक लांबलचक थान काढलं. एका टोकाला दाट विणीचे पट्टे खेटून बसलेले, पुढे पुढे ते विरळ होत गेलेले, आणि शेवटी नुसतं गुळगुळीत कापड. इतवारीतल्या एकाही व्यापाऱ्यानं ते घेतलं नव्हतं. लोक भिंतीवर सर्टिफिकिटं लावतात तसं मामा ते आल्यागेल्याला उलगडून दाखवीत.

मी महिन्याची रजा काढली. मामांनी एका मागावर माझ्यासाठी पंच्याचा ताणा लावून दिला. मी म्हणालो, "मामा, तुमची पद्धत म्हणजे अवधानाचं विषयांतर." मामा म्हणाले, "असंन. धोटा धरा." माझा हात इतका मंद, की मामांची वीत म्हणजे माझी जेमतेम दोन बोटं. चार दिवस फणी आपटून आपटून खांदे भरून आले. पाचव्या दिवशी शेजारच्या कोष्ट्यानं चिमूट पुढे केली. आता पुढे आलेल्या हाताला नाही म्हणणं म्हणजे त्या माणसाचा अपमान, असं मी स्वतःला समजावलं. स्वतःला समजावण्यात माझा हातखंडा होताच. चार दिवसांचं दाट पट्ट्यांचं कापड उसवून टाकलं, नव्यानं सुरुवात केली, आणि रोज परसात जाऊन बार भरून मग मागावर बसू लागलो. कापड काय सुरेख उतरू लागलं! पूर्वजांचं रक्त अखेर जागं झालं असं मला वाटलं.

पंचा पुरा झाला तेव्हा मी बायकोला मुद्दाम बोलावून घेतलं. मामांनी त्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत तळवा फिरवला.

"एक बी दाट पट्टा नाही," ते म्हणाले. "तलफ आलीच नाही?"

"गेली," मी म्हणालो.

"जवाईबुवा, हा पंचा तंबाखू खाऊन इनला."

बायको दारात उभी होती. माझ्या गालाकडे पाहून तिनं मान फिरवली, आणि मला त्या खड्ड्यात मागासकट गडप व्हावंसं वाटलं. मामा मात्र एक शब्दही टाकून बोलले नाहीत. मुकाट्यानं नवा ताणा लावला आणि म्हणाले, "आता खराब इना. जितका खराब, तितका खरा."

दुसरा पंचा इतका खरा झाला की मामींनी तो भांडी पुसायलासुद्धा घेतला नाही. पण पट्टे विरळ होत गेले, रजा संपता संपता चट्टाही पुसट झाला, आणि बायको पुन्हा माझ्या डोळ्यांत पाहून भांडू लागली. पंचा मी कचेरीच्या खणात ठेवला. चार वाजता जीव कासावीस झाला की एका पट्ट्यावरून बोट फिरवायचं. पट्टा संपला की फाईल ओढायची. मी कुणा बाबाचा अनुग्रह घेतला असं इतर कारकून समजत.

मामा गेले त्याला आता किती वर्षं झाली. थंडीचे दिवस होते. दिवसपाणी आटोपल्यावर मामी म्हणाल्या, "जवाईबुवा, मागावर त्याहिचं धोतर अर्धं राह्यलं. तेवढं इनून उतरवून द्या." मी खड्ड्यात पाय सोडले. तंबाखूची आठवणही बुजली होती, तरी पहिल्याच ठोक्याला फणी जोरानं बसली. मामांच्या सपाट विणीला लागून माझा दाट पट्टा सुरू झाला. दोन बोटं झाली, म्हटलं आता हात ढिला पडेल. चार बोटं झाली. वीत झाली. मामी मागून म्हणाल्या, "थांबा न थोडं. चहा ठेवून राहिली मी." मला थांबता येईना.

मामांचा सिद्धांत एकदा तरी खोडून काढावा अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. ती तेव्हा पुरी झाली. धोतर संपलं, पण हात काही ढिला पडला नाही.