मोडलेल्या लग्नांची चौकशी

आमच्या मावससासूबाईंचा, म्हणजे माझ्या बायकोच्या मावशीचा, या पृथ्वीतलावर एकाही माणसावर विश्वास नाही. दूधवाल्यावर नाही, गॅसचा सिलिंडर आणणाऱ्यावर नाही, शहापूरच्या एसटी स्टँडवरच्या वेळापत्रकावर तर मुळीच नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी त्या आधी एका औषधवाल्याला दाखवतात, मग खात्रीसाठी दुसऱ्याला दाखवतात आणि शेवटी घेत नाहीत. कुणी फार गोड बोलायला लागला की त्यांची नजर त्याच्या चपलांकडे जाते. चपलांवरून त्यांना काय कळतं हे मी कधी विचारलेलं नाही, कारण विचारलं असतं तर माझ्याही चपला तपासल्या गेल्या असत्या.

या बाईंशी माझी पहिली गाठ पडली ती माझ्याच चौकशीच्या वेळी. आमचं लग्न ठरत आलं होतं आणि मी वाशिंदला राहत होतो. मुलीकडून कुणीतरी कर्ता पुरुष येईल, चहापोहे घेईल आणि पगार विचारून जाईल, अशी आमची कल्पना. आल्या त्या कापडी पिशवी घेतलेल्या मावशी, आणि त्याही आमच्या घरी नाही, परस्पर आमच्या आळीत. आता आमच्या भागात परक्या माणसानं एखाद्या मुलाबद्दल विचारलं की तो लग्नाच्याच कामाला आलाय असं सगळे धरून चालतात, आणि जुळत आलेलं लग्न आपल्या तोंडानं मोडायचं पाप कुणी घेत नाही. त्यामुळे चौकशीत दारुडा निर्व्यसनी ठरतो आणि रिकामटेकडा धंद्याच्या विचारात असतो. माझंही आळीनं तोंड भरून कौतुक केलं. मावशींनी ते सगळं ऐकून घेतलं, दोन घरी चहा घेतला आणि उठता उठता सहज म्हणाल्या, "तसं हितलं मोडलंच म्हना. आमी आमची पोर दुसरीकडं दिली." त्याबरोबर आळीची सगळी तोंडं उघडली. मी उशिरापर्यंत झोपतो, मागून नेलेली सायकल परत करत नाही, गणपतीच्या वर्गणीच्या वेळी नेमका गावाला जातो, सगळं बाहेर पडलं. संध्याकाळी तीन शेजारणी माझ्या आईचं सांत्वन करायला आल्या तेव्हा आम्हाला कळलं की माझं लग्न मोडलंय. दुसऱ्या दिवशी होकार आला. मावशींचा अभिप्राय होता, "आळशी हाय, पन वंगाळ नाय." हे प्रमाणपत्र बायको मला आजही वाचून दाखवते.

पुढे या बाईंना त्यांच्या संशयाला साजेसं काम सापडलं. शहापूरहून मुरबाडकडे जाताना एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह आहे. वयानं वाढलेल्या पण समज लहानपणीच थांबलेल्या मुली तिथं राहतात, काहींना बोलताही येत नाही. मावशी तिथं मुलींच्या वेण्या घालायला जायच्या, फुकट. तिथं इतरही लोक सेवेला यायचे, कुणी शिकवायला, कुणी नुसतंच पुण्य मिळवायला. संस्था त्यांच्याकडून पोलिसांचा दाखला घ्यायची आणि ओळखीच्या दोघांची नावं घ्यायची. संस्थेच्या समितीवर मीही होतो आणि मला ही व्यवस्था पुरेशी वाटत होती. मावशींनी ती एका वाक्यात निकालात काढली. "दाखल्यावर काय लिवलंय? आजून घावला नाय, येवढंच ना? आन नावं तो कुनाची देनार, त्याला शिव्या देनाऱ्याची?" मग कुणी न सांगता त्या पिशवी घेऊन निघाल्या. स्वयंसेवक ज्या गावचा, त्या गावात एसटीनं जायचं, कौतुक ऐकायचं, लग्न मोडलं म्हणून सांगायचं आणि खरं ऐकायचं. शेवटी प्रत्येकाला एकच प्रश्न, "तुमची पोर येक रात त्याच्या भरवशावर ठेवाल का?" उत्तराशी त्यांना देणंघेणं नसे. उत्तर यायला किती वेळ लागतो तेवढं त्या बघायच्या.

या पद्धतीनं संस्थेचं जे नुकसान झालं त्याला सीमा नाही. धसईच्या बाजूचे एक गृहस्थ रविवारी मुलींना गाणं शिकवायला यायला तयार होते, पेटी स्वतःची. मावशी त्यांच्या गावी गेल्या आणि नेहमीच्या पद्धतीनं लग्नाचा विषय काढून बसल्या. गृहस्थ पन्नाशीचे, घरात बायको, दोन मुलं. मावशी अजून परतीच्या गाडीत बसल्याही नव्हत्या तोवर गावभर झालं की पेटीवाल्यांचं दुसरं लग्न ठरलं होतं आणि ते मोडलं. संध्याकाळी त्यांचे दोन मेहुणे वसतिगृहाच्या फाटकाशी हजर. त्यांची समजूत घालता घालता माझ्या घशाला कोरड पडली. मावशी मात्र खुशीत होत्या. "बायकोचे भाव लगेच धावत आले म्हंजे तिला त्या घरात मान हाय. मानूस चांगला हाय, घ्या त्याला." चांगला माणूस पुन्हा फिरकला नाही. पेटीही नाही.

पण खरा घोळ झाला तो एका तरुण दात्याच्या वेळी. गोरापान, हसतमुख, मोटारीतून येणारा. पोलिसांचा दाखला न मागता घेऊन आलेला. वसतिगृहाला पाण्याची टाकी बांधून देणार होता आणि त्याबदली त्याला फक्त सुट्टीच्या दिवशी मुलींना फिरायला न्यायचं होतं. समितीतल्या एका वजनदार सभासदांनी त्याला आणलेलं. मावशी त्याच्या गावी गेल्या. कौतुक भरपूर झालं. मग लग्न मोडलं म्हणाल्या तर नेहमीसारखी तोंडं उघडली नाहीत. सगळे गप्प. एका म्हातारीनं तेवढं म्हटलं, "बरं झालं बाय." बस, एवढंच. का बरं झालं ते तिनं सांगितलं नाही. आणि एवढ्या भांडवलावर मावशी समितीपुढे येऊन म्हणाल्या, "त्याच्या गाडीत आपली पोर बसायची नाय. बसवलीत तर मी चाकापुढं आडवी होईन." आम्ही पुरावा मागितला. त्या म्हणाल्या, "पुरावा यायची वाट बघायची? त्या पोरींना सांगता येनार हाय का काय झालं ते?" दाता रागावून गेला, टाकी गेली. त्या माणसात खरंच काही खोट होती की त्या म्हातारीचं त्याच्या आईशी भांडण होतं, हे आम्हाला आजतागायत कळलेलं नाही.

वजनदार सभासद खवळले. नियम सगळ्यांना सारखा, म्हणाले, तेव्हा या बाईंचीही चौकशी झाली पाहिजे, आणि ती नीट निघाली नाही तर वेण्या घालणं बंद. सगळ्यांना वाटलं मावशी आता आकाशपाताळ एक करतील. त्या म्हणाल्या, "व्हायलाच पायजे चौकशी." वसतिगृहात नव्यानं आलेल्या अधीक्षिकाबाईंनी त्यांना ओळखीच्या दोघांची नावं विचारली तर दिली नाहीत. "मी सांगितलेल्या मानसांना इचारून काय उपेग? तुमची तुमी शोधा."

अधीक्षिकाबाईंनी शोधली. आणि काय सांगू, सगळा तालुका जणू वाटच बघत होता. पेटीवाल्यांच्या बायकोनं तासभर ऐकवलं. मोडलेल्या लग्नांच्या गावांतून तर तक्रारींचा पूर आला. भांडकुदळ, खोटारडी, लोकांच्या घरात नाक खुपसणारी. आता एकच ओळखीचं घर उरलं होतं, आमचं. घरात सुट्टीतली शांतता होती. बायको बाजारात गेली होती. अधीक्षिकाबाई चहा घेत बसल्या आणि मी मनातली सगळी मळमळ बाहेर काढली. वर लिहिलंय ते सगळं सांगितलं, शिवाय दिवाळीच्या करंज्या त्या फोडून बघतात तेही सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. ही मावशींना घालवायलाच आलीय, हे मला दिसत होतं, आणि तरी माझं तोंड थांबत नव्हतं. मग कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "हे झालं. पण तुमची मुलगी एक रात्र त्यांच्या भरवशावर ठेवाल का?"

"ती परवापासून तिकडेच आहे," मी म्हणालो.

बाई हसल्या आणि उठल्या. मावशींच्या वेण्या चालू राहिल्या. हे त्यांना कळलं तेव्हा माझे आभार वगैरे मानणं दूरच, त्या अधीक्षिकाबाईंवर चिडल्या. "आन तुमी जावयाचं खरं धरलंत? जावई काय, घाबरून बी बोलंल!"

आता मावशींचे गुडघे गेले आहेत. एसटीची पायरी चढवत नाही. गावोगाव अधीक्षिकाबाईच स्कूटरवरून जातात, आणि परत आल्या की मावशी विचारतात, "मोडलं म्हनल्यावर काय बोलले?" दिवसभर त्या वसतिगृहाच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसलेल्या असतात. पायाशी एखादी मुलगी वेणीला बसलेली असते आणि वेणी झाली तरी उठत नाही. मी इतकी वर्षं समितीवर आहे, पण फाटकातून आत शिरलो की मलाही अडवतात. "आज कशाला आलात? कुनाला भेटायचंय?" एवढं चारचौघांत ऐकून माझा दर वेळी संताप होतो.

मागच्या महिन्यात त्या तापानं घरी पडून होत्या. खुर्ची रिकामी होती. मी फाटक ढकललं, थोडा थांबलो, आत गेलो, आवारातून चालत थेट मुलींच्या खोल्यांपर्यंत गेलो. मला कुणी काही विचारलं नाही. ते मला अजिबात आवडलं नाही.