मंगळवारचा भोंगा

ऑर्विल मुळात भित्रा नव्हता हो, वर्तमानपत्रांनी त्याला तसा करून ठेवला. एकसष्ट साली नेब्रास्कातल्या त्या लहानशा गावात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच विषय, रशियाचा अणुबाँब. ऑर्विलने परसातला गुलाबांचा ताटवा उखडून तळघर बांधलं. लोखंडी दार, पाण्याची पिंपं, डबाबंद घेवडा. "दोघांपुरतंच आहे," तो बायकोला बजावायचा. "कडी लागली की देव आला तरी उघडायची नाही."

"देव कशाला दार वाजवत बसेल?" आर्डिथ हसायची. पण तिच्याही जिवाला घोर लागलाच होता. धुणं वाळत घालताना विमानाचा आवाज आला की हातातली चादर हातातच राहायची.

शेजारच्या थेल्माकडे तळघर नव्हतं. बिचारी विधवा, बांधणार कोण? यांच्याकडे आहे हे तिला ठाऊक होतं, पण वीस वर्षांच्या मैत्रीत तो विषय दोघींनी कधी काढला नाही. काढला असता तर उत्तर द्यावं लागलं असतं.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी हल्ल्याचा इशारा देणाऱ्या भोंग्याची चाचणी व्हायची, तेव्हा कुणी मान वर करून बघतही नसे. त्या दिवशी दोघी थेल्माच्या स्वयंपाकघरात पीच सोलून बरण्या भरत होत्या. भोंगा वाजायला लागला तो थांबेचना.

"अगं, आज मंगळवार आहे," थेल्मा म्हणाली.

आर्डिथने तिचा हात धरला आणि धूम ठोकली. परसात पोचल्या तर तळघराला आतून कडी!

"ऑर्विल! अरे, मी आहे, उघड!"

"एकटीच आहेस ना?" आतून आवाज आला.

थेल्मा शेजारीच धापा टाकत उभी होती.

"हो!" आर्डिथ ओरडली. "एकटीच आहे!"

कडी सरकली आणि तेवढ्यात भोंगा बंद पडला. कुणीतरी तारा दुरुस्त करताना घोळ घातला होता, एवढंच. दार उघडलं तेव्हा आर्डिथचा हात रिकामा होता. थेल्मा आपल्या घराकडे चालू लागली होती.

संध्याकाळी आर्डिथ कुंपणाशी गेली. "तुला आत ओढणारच होते गं मी! त्याने दार उघडावं म्हणून खोटं बोलले."

"कळलं की," थेल्मा म्हणाली. "तुझ्या वाटणीच्या बरण्या पायरीवर ठेवल्यात, घेऊन जा."

त्यानंतर थेल्माने तिला पीच सोलायला कधी बोलावलं नाही. ऑर्विल गेला, तळघरात बटाटे साठू लागले. आर्डिथ मात्र अजून भाचीला, पाद्र्याला, भेटेल त्याला तेच सांगत सुटते, "मी ओढणारच होते तिला." सगळे माना डोलावतात. पण थेल्माने हात सोडवून घेतला, की आपणच आधी सोडला, हे मेलं काही केल्या तिला आठवत नाही.